अण्णांचा ठिपका

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो अण्णांची जीप कुठे आहे ते बघायला. असं सांगितलं की लोकांना वाटायचं, मी थट्टा करतेय. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगरमध्ये मोबाईल अजून फारसा कुणाच्या हातात दिसत नव्हता, आणि आमच्या माजघरात मात्र काळ्या पडद्यावर एक पिवळा ठिपका दौंड रस्त्याने सरकत असायचा. शेजारणी मुद्दाम बघायला यायच्या, थोडा वेळ थांबायच्या आणि "हलत तर नाही काही," म्हणून निघून जायच्या. त्यांचंही खरं होतं. तो दर काही मिनिटांनी एकदाच उडी मारायचा.

अण्णा म्हणजे माझे वडील. सरकारी नोकरीत जनावरांचे डॉक्टर होते. नगर, श्रीगोंदा, कर्जत या तालुक्यांतल्या गोठ्यांतून त्यांची उभी हयात गेली. गावं त्यांना माणसांवरून आठवायचीच नाहीत. "ते गाव होय? तिथे एका गाईला लागोपाठ दोनदा जुळं झालं होतं," असा त्यांचा भूगोल. निवृत्त झाल्यावर खात्याने लिलावात काढलेली आपली जीप त्यांनीच घेतली, कारण ती दुसऱ्या कुणी चालवावी हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. मी शाळेत गणित शिकवायचे आणि आईवडिलांपाशीच राहायचे. लग्न का केलं नाही हा वेगळा विषय आहे आणि तो इथे नाही.

रेडिओचं वेड अण्णांचं, आणि ते त्यांनी मला लावलं. सरकारी परवाना काढायचा, घरात संच बसवायचा आणि जगभरातल्या आपल्यासारख्याच रिकामटेकड्यांशी बिनतारी गप्पा मारायच्या, याला हॅम रेडिओ म्हणतात. परीक्षेसाठी लागणारी तारायंत्राची कड-कट्ट भाषा त्यांनी मला ताटावर चमचा वाजवून शिकवली. आमटी गार व्हायची आणि आई वैतागायची. या मंडळींचे काही रिवाज असतात. हवेवर प्रत्येक पुरुष 'ओल्ड मॅन', मग तो कॉलेजात जाणारा का असेना. त्यामुळे जन्मदात्याला 'ओल्ड मॅन' म्हणायची मुभा मला मिळाली होती आणि मी ती मनसोक्त वापरायचे. दुसरा रिवाज असा की हवेवर घरगुती रडगाणं लावायचं नाही. आवाज कसा येतोय, अँटेना कोणती, आभाळ कसं आहे, एवढंच बोलायचं. बाकी दुखणीखुपणी ज्याची त्याच्या घरी. हा नियम आम्ही सोवळ्यासारखा पाळायचो.

ठिपक्याचं खूळ आणलं ते श्रीरामपूरच्या सरांनी. हे अण्णांचे जुने रेडिओमित्र. तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचे, नाताळला आमच्याकडे केक घेऊन यायचे आणि आईच्या हातची पुरणपोळी बांधून घेऊन जायचे. त्यांचा भाऊ अमेरिकेत होता. त्याने परवानगीचे सोपस्कार करून एक यंत्र पाठवलं, साबणाच्या वडीएवढं. ते जीपच्या काचेपाशी ठेवलं की उपग्रहांवरून आपले अक्षांश-रेखांश काढायचं. शेजारची एक डबी त्या आकड्यांचा आवाज करायची, रेडिओ तो चर्रर्र करून हवेत सोडायचा, डोंगरावर बसवलेला आमचा एक संच तो झेलून पुढे टाकायचा आणि घरच्या पडद्यावर ठिपका उमटायचा. त्याच लहरीवर माइक घेऊन बोलताही यायचं. सर श्रीरामपूरला बसून तोच ठिपका बघायचे.

अडचण नकाशाची होती. अमेरिकेतून आलेल्या प्रोग्रॅममध्ये तिथल्या गल्लीबोळांसकट सगळं होतं. नगर जिल्ह्याच्या जागी नुसता अंधार. तेव्हा या दोघांनी ठरवलं की नकाशा आपणच करायचा. उत्तरेकडचा सरांनी, दक्षिणेकडचा अण्णांनी. छापील नकाशावर पट्टी धरून ते रस्त्याच्या एकेका वळणाचे आकडे काढायचे आणि मी ते कॉम्प्युटरला सांगायचे. जिथे छापील नकाशात वळण नव्हतं तिथे अण्णांनी ते मनाने घातलं. "इथे लिंबाखाली रस्ता डावीकडे कलतो," म्हणाले. पुढे जीप त्या रस्त्याने गेली तेव्हा ठिपका बरोबर डावीकडे कलला. त्या दिवशी त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

पहिले काही महिने मजेचे गेले. जुने शेतकरी अजून त्यांना बोलवायचे आणि ते जीप काढून जायचे. मी सकाळची शाळा आटोपून आले की पडद्यासमोर बसायचे. यंत्राच्या खोड्या आम्हाला पाठ झाल्या होत्या. उपग्रह अमेरिकन लष्कराचे, त्यामुळे परक्यांना ते मुद्दाम थोडी चूक मिसळून आकडे द्यायचे. जीप दारात उभी असताना ठिपका शेजाऱ्यांच्या अंगणात फिरून यायचा. आई म्हणायची, "बघ, ह्यांना शेजारीपाजारी जायची सवयच आहे." काही बिघडलं की यंत्राला दोष द्यायची सवय आम्हा सगळ्यांनाच लागली होती.

मग एकदा अण्णा श्रीगोंद्याला म्हणून निघाले. नगरच्या बाहेर पडल्यावर बराच वेळ ठिपका आलाच नाही, आणि आला तो मिरजगावच्याही पुढे, कर्जतच्या बाजूला. श्रीगोंद्याचा रस्ता एकीकडे आणि हा भलतीकडे. तिथे तो दुपारभर एका जागी होता. संध्याकाळी अण्णा परत आले, हातपाय धुतले, चहा घेतला. मी विचारलं तर म्हणाले, "श्रीगोंद्यालाच तर गेलो होतो." मी पडद्याचं सांगितलं तेव्हा ते हसले. "नकाशा मी केलाय, तेव्हा चूक माझीच. दक्षिणेचा कागद सुरू करताना रेखांशाची मिनिटं चुकली असणार."

रविवारी श्रीरामपूरहून सर आले. दोघे माजघरात कागद पसरून बसले. अण्णांनी चूक कशी झाली असेल हे इतकं सुंदर समजावून सांगितलं, की मी गणिताची बाई असूनही मान डोलावत राहिले. शेवटी सगळा दक्षिणेचा नकाशा उचलून पूर्वेकडे सरकवला. आता त्या दिवसाचे आकडे घातले तर ठिपका श्रीगोंद्यावर बसत होता. सर खूश, अण्णा खूश. पुढच्याच आठवड्यात अण्णा पुन्हा श्रीगोंद्याला गेले आणि ठिपका घोड नदी ओलांडून पुणे जिल्ह्यात उमटला. परत रविवार, परत कागद. या वेळी काचेपाशी ठेवलेल्या यंत्रावर संशय आला. ते टपावर बसवलं, खाली पत्र्याचा तुकडा लावला, केबल बदलली, आणि नकाशा अर्धा मागे सरकवला. सर घरी जाताना म्हणाले, "डॉक्टर, आता चुकायचं कारणच नाही."

आई पोह्यांच्या बशा उचलत होती. ती एकदम म्हणाली, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला." एरवी जनावरांच्या डॉक्टरांसमोर या म्हणीवर हशा पिकला असता. सर पायऱ्या उतरून गेलेच होते. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मला आईचा राग आला. तिला यंत्रातलं काय कळतं, असंच माझ्या मनात आलं.

खरं कळलं ते एका शेतकऱ्याकडून. मार्केट यार्डात माल घेऊन आलेला हा माणूस जाता जाता मेथीच्या जुड्या द्यायला दारात आला. अण्णांनी त्याच्या गोठ्यात कैक वर्षं जनावरं तपासली होती. अण्णा बाहेर गेले होते. तो चहा घेता घेता म्हणाला, "डाक्टरांची तब्येत बरी हाय ना ताई? मागं आमच्या वस्तीवं आल्ते. लई येळ जीपमदीच बसून हुते. मी म्हनलं उतरा, च्या घ्या. तर म्हनले, श्रीगोंद्याला निगालोय, जरा इसावा घेतो. आता श्रीगोंदा कुटं आन् आमी कुटं? आमी मिरजगावच्या म्होरं."

आई म्हणाली, "व्हय का?" ती कधी असं बोलत नाही. गडबडली की तिच्या तोंडून माहेरची भाषा निघते.

"मी सोता सडकंपत्तुर सोडाया गेलो," तो म्हणाला. "म्हनलं, असा चुकनारा मानूस न्हाई हा. आमच्या आडरानातल्या वाटा डाक्टरांनीच आमाला दावल्या."

तो गेल्यावर मी माजघरात जाऊन नकाशा होता तसा मूळ जागी नेऊन ठेवला. दोन कळा दाबायचं काम. त्या दिवसाचे आकडे पुन्हा घातले. ठिपका कर्जतच्या वाटेवर जाऊन उभा राहिला, पहिल्यांदा उभा होता तिथेच. यंत्र एकदाही चुकलं नव्हतं. मी खूप रडले, आणि रडताना मला भीतीपेक्षा संताप जास्त होता. तो कुणावर होता ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी अण्णांना घड्याळ काढायला लावलं, वार विचारला, आणि आजाराचं नाव सांगितलं. औषध असं फारसं नाही, म्हणाले. गाडी चालवू देऊ नका, हेही म्हणाले. अण्णा तेव्हा खोलीतच होते. परतीच्या वाटेवर एसटीत ते खिडकीशी बसले. गाडी सुप्याला थांबली तेव्हा म्हणाले, "घड्याळ काढायला लावलं मला. बैलाचे दात बघून वय सांगतो मी."

जीपची किल्ली काढून घ्यायची की नाही, यावर घरात आम्हा दोघींचं रोज वाजायचं. "किल्ली घेतली तर हे खुर्चीत बसून संपतील," आई म्हणायची. "आणि कुणाचं पोर चाकाखाली आलं तर?" मी म्हणायचे. दोघींना कळत होतं की हे चूक आहे. किल्ली मागायला पुढे व्हायची हिंमत एकीलाही नव्हती. तडजोड अशी झाली की ओळखीच्या रस्त्याने, उजेडात, आणि पडद्यावर ठिपका दिसत असेल तरच. म्हणजे काय, तर ठिपका दिसत असला की आपली जबाबदारी संपली अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. अपघात काय ठिपका बघून थांबतो?

आणि मग 'चाचणी' सुरू झाली. एके रविवारी दुपारी संचावर अण्णांचा आवाज आला. आधी आपलं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचा नंबर, मग माझं, सगळं शिस्तीत. "यंत्राची चाचणी घेतोय. माझा ठिपका तुमच्याकडे कुठे दिसतो, कळवा. ओव्हर." मी बघितलं आणि सांगितलं, की अरणगावच्या पुढे, तोंड दक्षिणेला. "रॉजर. बरोबर आहे," ते म्हणाले. तेवढ्यापुरतं मलाही बरं वाटलं. थोड्या वेळाने पुन्हा. "चाचणी घेतोय. आता कुठे दिसतो? आणि पुढचा फाटा किती लांब दाखवतोय तुमचा नकाशा?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. चाचणी यंत्राची नव्हतीच. ते एखाद्या फाट्यावर जीप उभी करून बसलेले होते आणि कुठे आहोत हे त्यांना कळत नव्हतं. हवेवर रडगाणं लावायचं नाही, म्हणून ते यंत्राबद्दल विचारत होते.

मी त्याच भाषेत उत्तर दिलं. "नकाशा डावीकडचा रस्ता दाखवतोय, ओल्ड मॅन. तिकडे थोडं जाऊन पुन्हा कळवा, म्हणजे आम्हाला तपासता येईल." ते डावीकडे वळले. ठिपका डावीकडे आला. असं करत करत मी त्यांना घरी आणलं. मध्येच श्रीरामपूरहून सरांचा आवाज आला, की इथूनही ठिपका स्वच्छ दिसतोय, डॉक्टर, यंत्र फर्स्ट क्लास आहे. त्यांच्या आवाजावरून मला कळलं की त्यांनाही कळलंय. पुढे मी शाळेत असले की सर हे काम करायचे. त्यांच्या शाळेची वेळ दुपारची होती. नगर-श्रीरामपूर लहरीवर आम्ही सगळे मोठ्या सभ्यपणे खोटं बोलत होतो आणि त्यात सगळ्यांत सभ्य अण्णा होते. दर वेळी आभार मानायचे.

ऊस कारखान्यांकडे निघाला तशी माझी झोप उडाली. दौंड रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, बैलगाड्यांच्या रांगा. अशाच एका रविवारी दुपारी "चाचणी" म्हणून त्यांनी माइक दाबला तर मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ ऐकू आला, आणि कुणाच्या तरी शिव्या. अण्णांनी भर रस्त्यात जीप उभी केली होती. "आधी बाजूला घ्या," मी ओरडले. कॉलसाइन नाही, ओव्हर नाही. मग अण्णा म्हणाले, "शिस्त पाळा. ओव्हर." ते घरी येईपर्यंत मी माइक खाली ठेवला नाही. संध्याकाळी सरांचा फोन आला. "ताई, आता थांबवायला पाहिजे. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगतो त्यांना." मी नको तितक्या कडकपणे म्हणाले, "त्यांची तुम्हाला काळजी आहे ते कळतं मला. पण हे आम्ही घरात बघू." आणि घरात आम्ही काहीच बघितलं नाही. उद्या सांगू, सुट्टी लागल्यावर सांगू, असं चाललं. अण्णा नंतर घरापासून फार लांब जाईनासे झाले. बाजार, पेट्रोल पंप, दवाखान्याचा जुना रस्ता. मला वाटलं, चला, आपोआप मिटतंय.

त्या दिवशी मी शाळेतून येऊन नुकती पडद्यासमोर बसले होते. बाहेर जीपचा आवाज आला. ती फाटकाशी येऊन थांबली, पण इंजिन बंद झालं नाही. मी उठणार एवढ्यात संचावर अण्णांचा आवाज आला. आपलं कॉलसाइन, माझं कॉलसाइन. "यंत्राची चाचणी घेतोय. माझा ठिपका कुठे दिसतो, कळवा. ओव्हर."

मी खिडकीतून बघितलं. अण्णा स्टिअरिंगपाशी ताठ बसले होते, हातात माइक, नजर समोर. समोर आमचं घर होतं. त्यांनी बांधलेलं, त्यांनी रंग निवडलेलं. माइक टेबलावरच राहिला.

फाटकापाशी आई होती. आवाज ऐकून ती उघडायला गेली होती. तिने दोन्ही दारं मागे लोटली आणि बाजूला उभी राहिली. ते तिच्याकडे बघत होते. संचातून पुन्हा आवाज आला आणि तोच आवाज खिडकीतूनही आला. "तुमचं उत्तर पोचलं नाही. इथे एक वहिनी फाटक उघडून उभ्या आहेत. आत घेऊ का? ओव्हर."

आईने ते ऐकलं. ऐकू न येण्याइतकं अंतरच नव्हतं.

मी माइक उचलला. "आत घ्या, ओल्ड मॅन," मी म्हणाले. "तुम्ही पोचलात. ओव्हर."

"रॉजर. आभारी आहे."

मी बाहेर आले तोवर जीप अंगणात आली होती. अण्णा खाली उतरले, मागची बॅग घेतली आणि आईपाशी गेले. खेड्यात व्हिजिटला गेले की जीपशी कुणी खेळू नये म्हणून ते किल्ली त्या घरच्या बाईकडे ठेवायला देत. तशीच त्यांनी ती आईपुढे धरली. "वहिनी, एवढी ठेवा तुमच्यापाशी. जनावर बघून झालं की निघताना मागून घेतो."

आईने दोन्ही हात पुढे करून किल्ली घेतली. पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. मग डोळे न पुसता, परक्या घरी आलेल्या डॉक्टरांशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "आधी बसा, डॉक्टर. लांबून आलात. चहा ठेवते."

ती किल्ली त्यांनी पुन्हा कधी मागितली नाही.